मारकी म्हैस कुणाला मारते?

गोठा आणि उंबरा: वाचकांची पत्रं, निवृत्त पशुवैद्यक ताईंची उत्तरं

मागच्या अंकात 'जनावर जन्मतः नाठाळ नसतं' असं एक वाक्य लिहून मी पुढे गेले होते. त्या एका वाक्याने टपालाची पिशवी भरली. काहींना ते पटलंय, काहींनी झोडपलंय. त्यातली तीन पत्रं घेते. पहिल्याचं उत्तर लांबलंय. संपादकांनी कात्री खिशातच ठेवावी ही विनंती.

पत्र पहिलं

"ताई, सप्रेम नमस्कार. आम्ही बार्शी तालुक्यातले. माझी आई आषाढात वारली. आमच्याकडे चंद्री नावाची पंढरपुरी म्हैस आहे, होळीला तिसऱ्यांदा व्याली. सहा वर्षांपूर्वी ती घरी आली तेव्हापासून तिची धार आईनेच काढली, दुसऱ्या कुणाचा हात कासेला लागलेला नाही. आता बायको बसली की लाथ झाडते. मी बसलो तर शेपटी तोंडावर मारते, पाय आपटते आणि पान्हाच सोडत नाही. मागचे पाय बांधून बघितले, आंबोण वाढवलं. दोन्ही वेळचं मिळून सात लिटर देणारी म्हैस दोन लिटरवर आलीय. चुलतभाऊ म्हणतो, इंजेक्शन दे, झटक्यात पान्हवेल. व्यापारी किंमत सांगून गेलाय. बाबा काहीच करत नाहीत, गोठ्यासमोर बाजेवर बसून असतात. खरं सांगतो ताई, मला तिचा राग येतो. आई गेली तेव्हा मी रडलो नाही, सगळं करायचं होतं. परवा तिने चरवी लवंडली तेव्हा मात्र शेणात बसून रडलो. ही म्हैस मुद्दाम करते का? विकावी का?"
(वय ३४, दुकानदार)

उत्तर

दादा, रडण्याबद्दल नंतर बोलू. आधी सड. नोकरीने लावलेली सवय आहे, तिला इलाज नाही.

धारेला जनावर लाथ मारतंय म्हटलं की पहिली शंका दुखण्याची घ्यायची. चारही सडांच्या पहिल्या दोन-दोन धारा गडद रंगाच्या फडक्यावर घ्या आणि गुठळी, पाणी, रक्ताचा तंतू दिसतो का बघा. मग लिटरभर पाण्यात तीस ग्रॅम कपडे धुण्याची पावडर विरघळवा. वाटीत हे पाणी थोडं आणि तेवढंच दूध घेऊन गोल फिरवा, प्रत्येक सडाचं वेगळं. शेंबडासारखं दाट झालं तर काससुजी आहे, कास बाहेरून मऊ लागली तरी. तसं निघालं तर हे पत्र बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना बोलवा. आधी नसली तरी आता झालेली असू शकते, कारण दूध आत तुंबून राहणं हे काससुजीला दार उघडं ठेवण्यासारखंच आहे. सडांना चिरा पडल्यात का, तेही बघा. आणि वहिनींचा अंगठा बघा. अंगठा आत मुडपून धार ओढायची खोड आपल्याकडे घरोघरी आहे. दूध लवकर निघतंय असं वाटतं, पण सडाला इजा होते. पूर्ण मुठीने काढावं. नखं कापावीत, अंगठी काढून ठेवावी.

सड ठीक निघाले असं धरून पुढे जाते.

तुमचा चुलतभाऊ म्हणत असेल, म्हैस पान्हा चोरते. आपल्याकडे शब्दच तो आहे, चोरते. पण चोरायचं तर ते आपल्या हातात असावं लागतं, आणि पान्हा म्हशीच्या हातात नसतो. दूध कासेच्या वरच्या अंगाला बारीक पिशव्यांच्या घोसांत साठलेलं असतं. ते खाली उतरायचं तर मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीतून ऑक्सिटोसिन रक्तात यावं लागतं. रेडकाने ढुशी दिली, ओळखीचा हात फिरला, चरवीचा आवाज झाला की ते येतं. भीती वाटली की अ‍ॅड्रेनलिन येतं आणि वाट बंद. गाईच्या कासेत साधारण पाचवा हिस्सा दूध खालच्या पोकळीत आयतं असतं, म्हशीच्या कासेत जेमतेम विसावा. म्हणजे घाबरलेली गाय थोडंफार तरी देईल, घाबरलेली म्हैस काय देणार? त्यात गाय मिनिटभरात पान्हवत असेल तर म्हशीला दोन मिनिटं लागतात, कधी बरीच जास्त. तुम्हाला दुकान उघडायचं असतं. दीड मिनिटाने तुम्ही वैतागून उठता. तिथेच तुमची आणि चंद्रीची रोज चुकामूक होते.

चुलतभावाचं इंजेक्शन म्हणजे हेच ऑक्सिटोसिन. लागू पडतं, नाही असं नाही. पण रोज दोनदा सुई टोचली की पुढे सुईशिवाय पान्हा नाही अशी गत होते. शिवाय दूध वाढवण्यासाठी जनावराला अपाय होईल असं काही टोचणं हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या १२व्या कलमाखाली गुन्हा आहे. भावाला एवढं ऐकवा, बाकी वाद घालू नका.

कोल्हापूरला कधी गेलात तर गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर उभे राहा. तुमच्या चंद्रीच्याच जातीच्या म्हशी तिथे भररस्त्यात उभ्या असतात. बाजूने रिक्षा, हॉर्न, ग्लास घेऊन ताटकळलेली माणसं, आणि म्हैस रवंथ करत पान्हवते. गोंगाटाचं तिला काही नाही. खाली बसलेला गवळी रोजचा आहे ना, तेवढं तिला पुरतं.

आता तुमचा खरा प्रश्न. मुद्दाम करते का? याचं उत्तर मला एका म्हशीने दिलं होतं आणि त्याची किंमत म्हणून उजवं मनगट घेतलं होतं.

परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन १९८७ साली मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका दवाखान्यात रुजू झाले. बाई डॉक्टर कशी दिसते हे बघायलाच पहिले काही आठवडे माणसं यायची, जनावर सोबत असलं तर असलं. त्या दिवसांत एक आक्का म्हैस घेऊन आल्या. नाव मैना. शिंगं तलवारीसारखी, खांद्याच्याही मागे गेलेली. सांगोल्याच्या बाजारातून स्वस्तात मिळाली होती, आणि स्वस्त का मिळाली ते दावणीला बांधल्यावर कळलं होतं. तीनदा उलटली होती, गाभण राहत नव्हती, म्हणून तपासायची होती. दवाखान्यापुढे लोखंडी पाइपांचा खोडा. चार गड्यांनी कासरे टाकून तिला आत कोंबलं. मी डावीकडून मागे गेले, एका हातात खांद्यापर्यंतचा प्लास्टिकचा मोजा चढवला आणि दुसरा हात तिच्या पाठीवर टेकवला. ती एकदम अंग टाकून सरकली. पाइप आणि म्हैस यांच्या मध्ये माझं मनगट. आवाज आधी ऐकू आला, दुखायला नंतर लागलं.

सहा आठवडे प्लास्टर. रजिस्टरात मैनाच्या नोंदीपुढे मी शिपायाकडून लाल शाईने लिहून घेतलं, 'मारकी'. आणि आक्कांना निरोप धाडला की ही म्हैस विकून टाका, एखाद्याचा जीव घेईल.

प्लास्टर निघालं तेव्हा मे संपत आला होता. पावसाआधी घटसर्पाची लस टोचायची म्हणून वाड्यावस्त्यांवर फिरत होते. आक्कांच्या वस्तीवर पोचले आणि मैनाला मी हात लावणार नाही असं बांधावरूनच जाहीर केलं. आक्का म्हणाल्या, "नगा लावू. मी धरती, तुमी लांबनं टोचा." आणि गोठ्याकडे निघाल्या, बोलत बोलत.

मला वाटलं, माझ्याशीच बोलतायत. रेशनला साखर आली नव्हती त्याबद्दल. धाकट्या सुनेच्या माहेरच्यांबद्दल. मग "मुडदा बशिवला तुजा, सरक की तिकडं", हे मैनाला. लाडीगोडी अशी नव्हतीच त्यात, शिव्याच जास्त. पण बांधापासून सुरू झालेला आवाज म्हशीला भिडेपर्यंत तुटला नाही. मग हात. आधी खांद्यावर पडला, आणि तो न उचलता पाठीवरून, बरगड्यांवरून घसरत कासेपर्यंत गेला. मैना नुसती कान हलवत उभी.

तेवढ्यात आक्कांचा पुतण्या वैरणीची पाटी घेऊन डावीकडून आला, मुकाट. लाथ अशी बसली की पाटी गव्हाणीपलीकडे आणि पुतण्या उकिरड्यात.

मी विचारलं, "आक्का, तुम्हाला कशी मारत नाही ही?"

"मला का मारंल? मी आलीया हे तिला ठावं असतंय. ह्यो आला चोरावानी. कोन आलंय ते तिला कळाय नगं?"

कळाय नगं. मी पहिल्यांदा त्या म्हशीच्या तोंडासमोर गेले. डाव्या डोळ्याच्या बाजूने बोट झर्रकन पुढे नेलं. पापणी हलली नाही. पुन्हा नेलं, नाही. उजव्या बाजूने नेलं तर डोळा मिटला आणि मान झटकली. डावा डोळा वरून काळाभोर, पाणीदार. फूल नाही, घाण नाही. आत मात्र काही नव्हतं. गुरांचे डोळे दोन्ही अंगांना असतात, त्यामुळे मान न वळवता त्यांना जवळपास ३३० अंशांतलं दिसतं. दिसत नाही ते ठार मागचं आणि नाकासमोरचं थोडंसं. मैनाची डावी बाजू सगळीच गेली होती. आणि त्या बाजूने कधी हात यायचा, कधी सुई, कधी काठी. आधी कुणी काही सांगायचं नाही.

आमच्या धंद्याचं एक आहे. रेतन मागून, गर्भतपासणी मागून, थर्मामीटर शेपटीखाली, कास तर मागेच. मनगट मोडून घेतलं, विकायचा सल्ला दिला, लाल शाई वापरली, आणि त्या म्हशीचं तोंड मी बघितलंच नव्हतं. डोळा तपासणं हे पहिल्या वर्षाच्या पोराचं काम. आक्कांनी निदान केलं होतं असं मात्र समजू नका. डोळ्याचं त्यांनाही ठाऊक नव्हतं, मी सांगितल्यावर "आगं बया" म्हणून खालीच बसल्या. त्यांनी फक्त एवढं धरलं होतं की आपण आलेलं हिला कळत नाही, तर सांगत जावं.

दवाखान्यात परत येऊन 'मारकी' खोडलं आणि लिहिलं, 'डावा डोळा नाही. बोलत जावे.' मैना पुढे गाभण राहिली, दुसऱ्या खेपेला, खोड्याशिवाय, आक्कांच्याच गोठ्यात.

(एवढं शिकले म्हणून मी घरात शहाणी झाले असं नाही. माझ्या सासूबाई पाठीमागून ताट पुढे ठेवलं की दचकून खेकसायच्या. मी तो त्यांचा स्वभाव धरून चालले होते. त्यांना ऐकू कमी येतं हे कळायला आणखी चार वर्षं गेली.)

तर दादा, चंद्रीचे दोन्ही डोळे शाबूत असतील, तरी बोट फिरवून बघाच. तुमच्या पत्रात चंद्री तुमच्याशी काय करते ते ओळीने आलंय. आता तिच्याकडून मोजा. सहा वर्षं पहाटे तीच पावलं, त्याच बांगड्या, तोच वास. एक दिवस ती पावलं आली नाहीत. दुसरीच आली, घाईची, आणि आल्या आल्या तिचे पाय बांधले. तुमच्याकडे दहा दिवस माणसं भेटायला येत होती, दारात चपलांचा ढीग असेल. गोठ्यात कुणी गेलं होतं का? तिला दुःख झालंय म्हणा की सवय मोडलीय म्हणा, कासेला दोन्ही सारखंच.

आधी पायाची दोरी सोडा. मग धार कोण काढणार ते एकदा ठरवा आणि तोच माणूस, आईच्याच वेळेला, रोज. आज मी उद्या बायको हे बंद. पहिले पाच-सहा दिवस दूध मिळवायच्या इराद्याने जाऊच नका. रेडकाला आधी पिऊ द्या, आंबोण पुढ्यात ठेवा, मानेला, पाठीला खरारा करा, निघेल तेवढं काढा, उरलेलं रेडकाला. तुमचं नुकसान आताही होतंच आहे, आणखी आठवडाभर होऊ द्या. आईचं वापरातलं एखादं लुगडं न धुता राहिलं असेल तर बसताना अंगावर घ्या. हसू नका. बायको माहेरी गेली की भरघोस मिशांचे गडी लुगडं गुंडाळून धारेला बसलेले मी स्वतः पाहिलेत, आणि म्हशी पान्हवलेल्याही पाहिल्यात.

विकायचं म्हणाल तर त्यात पाप नाही. घरात माणूस नसेल तर जनावर ठेवून त्याचे हाल करण्यापेक्षा विकलेलं बरं. पण घेणाऱ्याला सगळं सांगून विका. कुणी धार काढायचं, किती वाजता, काय घडलं. 'लाथाडी' एवढाच शब्द सोबत देऊन पाठवलीत तर पुढच्या दावणीला तिच्या वाट्याला काठीच येईल.

आणि तिच्याशी बोला. काय बोलायचं ते मी सांगू शकत नाही. तुमची आई धार काढताना काय बोलायची ते चंद्रीला माहीत आहे, आणि घरात आणखी एका माणसाला. सहा वर्षं रोज पहाटे गोठ्यासमोरच्या बाजेवर कोण होतं? बाबा काहीच करत नाहीत असं तुम्ही लिहिलंय. त्यांना विचारा. जमलं तर धारेला त्यांनाच बसवा.

रडण्याबद्दल बोलू म्हणाले होते, पण ते माझ्याशी नको. बाज दोघांना पुरेल एवढी असते.

पत्र दुसरं

ठाण्याच्या एक ताई लिहितात की सोसायटीच्या पार्किंगमधलं पिल्लू त्यांनी दोन वर्षांपूर्वी घरात आणलं. नाव खंडू. लसी झाल्यात, दिवसभर गुणी असतो. संध्याकाळी जेवताना मात्र गुरगुरतो, त्यातही नवऱ्यावर जास्त. "मिस्टर म्हणाले डोक्यावर चढलाय, म्हणून त्यांनी दोन-तीनदा पेपरची गुंडाळी मारली. तेव्हापासून गुरगुरणं बरंच कमी झालंय, पण गेल्या आठवड्यात एकदम त्यांच्या पोटरीला दात लागले. घर लहान आहे, त्याची ताटली आम्ही स्वयंपाकघर आणि बाथरूमच्या मधल्या बोळात ठेवतो. सासूबाई म्हणतात, परत खाली सोडून या. काय करू?"

उत्तर

आधी पोटरी. कातडी फुटली असेल तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची असते. ते तेव्हा केलं नसेल तरी आज डॉक्टरांकडे जा. कुत्र्याला लस झालीय म्हणून माणसाला नको, हा निर्णय डॉक्टरांनी घ्यायचा आहे, मिस्टरांनी नाही.

गुरगुरणं कमी झालं हे तुम्ही चांगली बातमी म्हणून कळवलंय. मला तीच वाईट वाटली. गुरगुरणं म्हणजे कुत्र्याने वाजवलेला भोंगा, 'लांब राहा, मला भीती वाटतेय.' तुम्ही भीती तशीच ठेवली आणि भोंगा काढून घेतला. आता तो न सांगता चावतो. गुंडाळी केराच्या टोपलीत टाका.

मग एक काम करा. खंडू नसताना त्या बोळात फरशीवर पालथ्या पडा. खरंच. अमेरिकेत टेंपल ग्रँडिन नावाच्या प्राणिशास्त्रज्ञ बाई आहेत. गुरं ज्या वाटेत अडतात, पुढे जात नाहीत, त्या वाटेत त्या स्वतः शिरायच्या आणि गुरांच्या उंचीवरून बघायच्या. कधी लोंबणारी साखळी दिसायची, कधी कुंपणावर कुणीतरी अडकवलेला कोट. माणसं महिनोन्महिने गुरांना ढोसत असायची आणि कोट तिथेच. तुमच्या बोळात तुम्हाला काय दिसेल ते मी इथे बसून सांगते: बूट. मिस्टर ऑफिसातून आले की हातपाय धुवायला सरळ खंडूच्या ताटलीवरून ढांग टाकून जात असणार. तुम्ही भाजी फोडणीला टाकून दोनदा ओलांडता. आणि हे कुत्रं पार्किंगमध्ये वाढलंय, तिथे खाताना पाठीशी पाय आला म्हणजे घास गेला.

ताटली गॅलरीत हलवा, नाहीतर पलंगाखाली. जिथे त्याची पाठ भिंतीला लागेल आणि कुणी ओलांडणार नाही. तो खात असताना ताटलीला हात नाही, लाडही नाहीत. मिस्टरांनी रोज जाता जाता चार पावलांवरून उकडलेल्या अंड्याचा एक तुकडा त्याच्याकडे टाकावा आणि न थांबता पुढे जावं. हे पाय घास नेत नाहीत, आणतात, एवढं त्याला कळायला दोन-तीन आठवडे द्या. त्यानेही फरक पडला नाही, किंवा घरात लहान मूल येणार-जाणार असेल, तर वागणूक जाणणाऱ्या पशुवैद्याला प्रत्यक्ष दाखवा. सासूबाईंना म्हणावं, खाली सोडायचं नंतर बघू, आधी ताटली हलवून बघू.

पत्र तिसरं

निफाड तालुक्यातले ६८ वर्षांचे शेतकरी वाचक चिडलेत. त्यांच्या पत्रातला मजकूर थोडक्यात असा: "तुम्ही पगारी माणसं. जनावराला समजून घ्या म्हणायला तुमचं काय जातं? माझ्या मांडीत बैलाचं शिंग घुसलं, मी अजून लंगडतो. तो बैल मारका आहे हे विकणाऱ्याला माहीत होतं, त्याने लपवलं. लाथ खाणाऱ्याला कुणी समजून घेतं का? आपल्याकडे म्हणच आहे, दुभत्या गाईच्या लाथा गोड. गरिबाने त्या खायच्याच."

उत्तर

काका, मीही खाल्लीय. ती म्हण कधी धारेला न बसलेल्या माणसाने केली असावी.

तुमच्या म्हणण्यातलं बरंचसं मला मान्य आहे. शिंगाच्या टप्प्यात उभं राहून कुणाला समजून घ्यायची गरज नाही, दोन हात लांबूनही जमतं. आक्का बोलत जायच्या तरी मैनाचं दावं त्यांनी आखूडच ठेवलं होतं, आणि नातवंडांना गोठ्याची मनाई होती. चांगलं असलेलं जनावर एकाएकी बिथरलं, आवाज बदलला, लाळ गाळायला लागलं, गिळता येईना, तर जवळ जायचंच नाही. 'घशात काही अडकलंय का' म्हणून तोंडात हात घालणारी भली माणसं मी बघितलीत. ते पिसाळलेलं असू शकतं. लांब राहा, इतरांना लांब ठेवा आणि डॉक्टरांना कळवा.

राहिला तुमचा बैल. तो कुठल्या बाजूने मारायचा, कुणाला मारायचा, विकणाऱ्याने तेवढं जरी सांगितलं असतं तरी तुमची मांडी वाचली असती. पत्र दोनदा वाचलं. बैलाला तुम्ही एकही शिवी दिलेली नाही, सगळ्या त्या माणसाला दिल्यात. त्या छापता येणार नाहीत, पण मी वाचल्या आणि मला पटल्या.

समजून कुणी घेतं का, म्हणता. मनगट मोडलं तेव्हा वरून कागद आला होता, रजेचा अर्ज विहित नमुन्यात नाही म्हणून. आक्का मात्र पुतण्याबरोबर अंडी घेऊन दवाखान्यात आल्या होत्या. म्हैस विका असा माझा निरोप पोचल्यानंतर आल्या होत्या, हे विशेष.

मनगट अजून पावसाळ्यात ठणकतं. आणि कुणाच्याही मागून जायचं झालं की मी अजून मोठ्याने बोलत जाते. परवा मंडईत एका बाईंच्या मागून पुढे सरकताना तोंडातून निघून गेलं, "मी आहे गं, सरक जरा." त्यांनी वळून वर-खाली बघितलं आणि विचारलं, "आपली ओळख आहे का?"